शिकवायला शिकणं पडद्यावर कुठे अडतं, कुठे नाही

शिक्षक प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम ऑनलाइन करणाऱ्या विद्यार्थ्याला ‘कसं चाललंय?’ असं विचारलं, तर उत्तरात दोन गोष्टी एकमेकींना खेटून येतात. ‘सोय मोठी आहे’ ही एक. ‘पण उद्या खऱ्या वर्गात उभं केलं तर पाय लटपटतील’ ही दुसरी. ऐकणाऱ्याला वाटतं, याचं एक काही ठरलेलं नाही. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. फक्त ती एकाच गोष्टीबद्दलची नाहीत.

२०२० साली शाळा-विद्यापीठं बंद झाली तेव्हा युनेस्कोच्या मोजणीप्रमाणे जगभरातल्या दीडशे कोटींहून अधिक विद्यार्थ्यांचं शिक्षण अडलं. त्यात उद्या शिक्षक होणारेही होते. महासाथ ओसरली, पण ऑनलाइन तास अनेक ठिकाणी मुक्कामालाच राहिले. म्हणून ‘शिक्षक होण्याचं शिक्षण पडद्यावर जमतं का?’ हा प्रश्न अजून मिटलेला नाही. तो मिटत नाही, कारण विचारतानाच तो चुकीचा विचारला जातो. आधी विचारायचं ते हे, की शिक्षणाचा कुठला भाग?

‘ऑनलाइन’ या एका शब्दात किती गोष्टी

व्हिडिओ कॉलवर सगळे एकाच वेळी हजर असतात, तो झाला ‘थेट तास’. ध्वनिमुद्रित व्याख्यान, वाचन, लेखी चर्चा असं ज्याने-त्याने सवडीने करायचं, ते ‘सवडीचं काम’. हे दोन प्रकार एकमेकांच्या जागी चालत नाहीत, आणि बहुतेक तक्रारींचं मूळ इथेच असतं. सवडीने ऐकता आलं असतं असं दीड तासाचं व्याख्यान थेट तासात होतं, आणि समोरासमोर बोलून सुटली असती अशी शंका चर्चेच्या पानावर तीन दिवस लोंबकळत राहते.

दुसरा फरक तयारीचा. २०२० च्या मार्चमध्येच ऑनलाइन शिक्षणाचे अभ्यासक चार्ल्स होजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिलं होतं, की घाईघाईने पडद्यावर हलवलेल्या तासांना ‘ऑनलाइन शिक्षण’ म्हणू नका. ते आणीबाणीचं दूरस्थ अध्यापन आहे. पूर्ण ऑनलाइन विद्यापीठीय अभ्यासक्रम नीट बांधायला साधारण सहा ते नऊ महिने लागतात, असं त्यांनी नमूद केलं. त्या काळात अनेक प्राध्यापकांच्या हाती जेमतेम काही दिवस होते. म्हणून ‘मला ऑनलाइनचा अनुभव वाईट आला’ असं कुणी म्हटलं, की तो कुठल्या ऑनलाइनचा, हे विचारायला हवं.

या विद्यार्थ्यांचं दुखणं वेगळं का

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ऑनलाइन तासात फक्त अर्थशास्त्र शिकायचं असतं. छात्राध्यापक, म्हणजे शिक्षक होण्यासाठी शिकणारा विद्यार्थी, त्याच तासात दोन गोष्टी शिकत असतो: समोरचा विषय, आणि तो शिकवला कसा जातोय ते. दुसरी गोष्ट त्याच्या नकळत मुरते.

समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ मध्ये हिशेब मांडला होता, की शालेय शिक्षण संपेपर्यंत विद्यार्थ्याचे सुमारे १३,००० तास शिक्षकांच्या सहवासात गेलेले असतात. त्यामुळे प्रशिक्षणाला येणाऱ्या प्रत्येकाला वाटतं, शिकवणं काय ते आपण पाहिलंय. पण ते पंगतीत बसून पाहिलेलं असतं. १३,००० तास जेवलो म्हणून रांधता येत नाही. पाठ टाचण (म्हणजे तासाचं लेखी नियोजन) करताना काय गाळलं, हाच प्रश्न आधी का, त्या मुलाला मुद्दाम का विचारलं, हे बाकावरून दिसत नाही. प्रशिक्षणाचं काम ही आतली बाजू दाखवण्याचं. आता तेच प्रशिक्षण कुणी स्लाइड वाचून दाखवत उरकलं, तर छात्राध्यापकाच्या त्या १३,००० तासांत आणखी शंभर-दोनशे तासांची भर पडते, आणि भर पडते ती स्लाइड वाचण्याच्या नमुन्याची.

सहा मिनिटांचा पाठ, जवळून

सूक्ष्म अध्यापन ही पद्धत १९६३ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन आणि सहकाऱ्यांनी घडवली. कल्पना सोपी आहे. अख्खा तास नाही, एकच कौशल्य घ्यायचं (प्रश्न विचारणं, उदाहरण देणं, फलकलेखन), पाच-दहा जणांच्या गटासमोर काही मिनिटं शिकवायचं, अभिप्राय घ्यायचा, दुरुस्ती करून पुन्हा शिकवायचं. एक रुळलेलं वेळापत्रक असं: शिकवणं ६ मिनिटं, अभिप्राय ६, पुनर्नियोजन १२, पुन्हा शिकवणं ६, पुन्हा अभिप्राय ६. एकूण ३६ मिनिटं.

हा पाठ पडद्यावर नेला की काय होतं ते सेकंदांच्या मापाने पाहू.

समोरासमोरच्या गप्पांत एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंतचं अंतर असतं सरासरी एक पंचमांश सेकंदाच्या आसपास. दहा वेगवेगळ्या भाषांची तुलना करणाऱ्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा ठोका सगळीकडे जवळपास तसाच आढळला. आपल्या कानाला या ठोक्याची इतकी सवय असते, की थोडं जास्त थांबणंही ‘काहीतरी बिनसलं’ असं वाटायला लावतं. शिक्षक तर आणखी घाईत असतात. विज्ञान शिक्षणाच्या संशोधक मेरी बड रो यांनी वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली तेव्हा दिसलं, की प्रश्न टाकल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. तोच थांबा तीन सेकंदांवर नेला की उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात.

आता पडदा. छात्राध्यापक प्रश्न विचारतो. आवाज पोचायला, जोडणी बेताची असेल तर, तीन-चार दशांश सेकंद. ऐकणारा विचार करतो: दोन-तीन सेकंद. म्यूटचं बटण शोधून दाबतो: एक-दोन सेकंद. त्याचा आवाज परत यायला पुन्हा तेवढाच उशीर. बेरीज चार ते सहा सेकंद. आणि आपला छात्राध्यापक दुसऱ्याच सेकंदाला म्हणतो, ‘नाही येत कुणाला? बरं, मी सांगतो.’ नेमक्या त्या क्षणी दोन जणांचे आवाज एकदम फुटतात, दोघंही ‘तू बोल, तू बोल’ म्हणत थांबतात, आणि उत्तर तिथेच बुडतं.

यात वेळ वाया गेला हे तर खरंच. त्याहून वाईट म्हणजे, छात्राध्यापक चुकीचा धडा शिकला. प्रश्न अवघड होता, असं त्याने टिपून ठेवलं. पुढच्या वेळी तो ‘हो की नाही’ छापाचे प्रश्न विचारेल. प्रश्न ठीकच होता. थांबा कमी पडला होता.

यावर उपाय आहे, आणि तो फुकट आहे. प्रश्न विचारा, दहा सेकंद मनात मोजा, मग नाव घ्या. किंवा सगळ्यांना चॅटमध्ये उत्तर लिहायला सांगा, पण ‘पाठवा’ म्हटल्याशिवाय पाठवायचं नाही. मग दहा उत्तरं एकदम पडतात. वर्गात हात वर करणाऱ्या एकाचं उत्तर कळतं. इथे दहाही जणांचं कळतं, शेजाऱ्याचं पाहून लिहिलेलं नसतं, आणि चुका कुठे एकवटल्यात ते एका नजरेत दिसतं. ही सवय खऱ्या वर्गातही पाटीवर किंवा कागदाच्या तुकड्यावर उत्तर लिहून घ्यायला उपयोगी पडते.

वेळापत्रकाचंही असंच. प्रत्येक टप्प्याच्या मध्ये ‘आवाज येतोय का? स्क्रीन दिसतेय का?’ यात दोन-दोन मिनिटं जातात आणि ३६ ची ४४ होतात. त्यापेक्षा दोघांना जोडीने घ्या. पहिला पुनर्नियोजनाला बसतो त्या १२ मिनिटांत दुसऱ्याचे ६ + ६ उरकतात. दुसरा पुनर्नियोजनाला बसला की पहिल्याचे उरलेले ६ + ६. दोघांचं काम ७२ ऐवजी ४८ मिनिटांत बसतं, आणि कुणी ताटकळत नाही.

पडदा काय गाळतो

वर्गात शिक्षकाला मुलं जागेनिशी आठवतात: खिडकीजवळ दुसऱ्या बाकावरची, मागच्या भिंतीला टेकलेला. पडद्यावरच्या चौकटी कुणी आत आलं, कुणी बोललं की जागा बदलतात. स्लाइड दाखवायला घेतली की चौकटींची एक बारीक पट्टी उरते. फोनवरून शिकवत असाल तर तीही धड नाही. म्हणजे शिकवताना ज्या चेहऱ्यांकडे पाहायचं, तेच शिकवायला लागलं की नाहीसे होतात. शिवाय कॅमेऱ्यात पाहिलं तर चेहरे दिसत नाहीत आणि चेहऱ्यांकडे पाहिलं तर त्यांना तुमची नजर खाली गेलेली दिसते.

जेकब कौनिन यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात वर्गांच्या चित्रफिती पाहून एक अनपेक्षित गोष्ट नोंदवली: गडबड झाल्यावर शिक्षक कसा रागावतो, यावर वर्गाची शिस्त फारशी ठरत नाही. ठरते ती गडबड होण्याआधीच्या जाणिवेवर. शिक्षकाला पाठीमागेही डोळे आहेत असं मुलांना वाटतं का, त्यावर. हे डोळे पडद्यावर फुटत नाहीत. कुजबुज ऐकू येत नाही, पायांची चाळवाचाळव दिसत नाही, आणि जवळ जाऊन नुसतं उभं राहण्याची सोय नाही.

आवाजाचंही तेच. मायक्रोफोन आणि ॲप मिळून मंद आवाज उचलून मोठा करतात, मोठा दाबतात, आणि पार्श्वभूमीचा गोंगाट गाळतात. सहा महिने असं शिकवलेल्याला आपला आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचतो का, याचा पत्ता नसतो. समूहाने कविता म्हणून घेणं तर अशक्यच, कारण प्रत्येकाचा उशीर वेगळा आणि ॲप बहुधा एकाच आवाजाला पुढे करतं. (तरी कुणीतरी हौसेने करून पाहतोच, आणि पुढची दोन मिनिटं हसण्यात जातात.)

आणखी एक गाळणी आहे, जिच्याबद्दल कमी बोललं जातं. सराव पाठात विद्यार्थी कोण होतात? सोबतचे छात्राध्यापक. ते मोठे असतात, त्यांना उत्तर येत असतं. १/२ + १/३ = २/५ असं खरं मूल अगदी खात्रीने सांगतं: अंशात अंश मिळवला, छेदात छेद. मोठ्या माणसाच्या तोंडी ही चूक येत नाही, त्यामुळे ती ऐकून काय करायचं हे शिकायचंच राहतं. हा दोष समोरासमोरच्या सरावातही आहे, पण ऑनलाइन तो सहज दुरुस्त होतो: पाठाआधी दोघांना खासगी संदेशातून एकेक चूक द्या, ‘तू छेदांची बेरीज करायची आणि एकदा समजावलं तरी हटायचं नाही’ अशी. शिकवणाऱ्याला चूक कुणाकडे आहे ते माहीत नसतं. तिथून खरा पाठ सुरू होतो.

आणि एक गोष्ट पडद्यावर जास्त चांगली होते

ती म्हणजे पाठ पाहणं. वर्गाच्या मागच्या बाकावर बसून निरीक्षण करणाऱ्याला पाठ एकदाच दिसतो, आणि अर्धा वेळ वहीत लिहिण्यात जातो. चित्रित पाठ थांबवता येतो, मागे नेता येतो, आणि वीस जणांना एकच क्षण दाखवून ‘इथे तुम्ही काय केलं असतं?’ विचारता येतं.

नेड फ्लँडर्स यांनी १९६० च्या दशकात वर्गातलं बोलणं मोजायची एक पद्धत रूढ केली. दर तीन सेकंदांनी, त्या क्षणी काय चाललंय त्याचा एक आकडा लिहायचा. दहा प्रकार: सात शिक्षकाच्या बोलण्याचे, दोन विद्यार्थ्यांच्या, एक शांततेचा किंवा गोंधळाचा. सुरुवातीला एवढं करायची गरज नाही. चौकटीच्या कागदावर दहा चौकटींच्या वीस ओळी आखा. एक ओळ म्हणजे अर्धा मिनिट, अख्खा कागद म्हणजे दहा मिनिटं, २०० चौकटी. आपल्याच पाठाची चित्रफीत लावा आणि दर तीन सेकंदांनी एक अक्षर भरा: शिक्षक बोलत असेल तर ‘शि’, विद्यार्थी बोलत असेल तर ‘वि’, शांतता असेल तर शून्य. संपल्यावर कागद हातभर लांब धरून पाहा. सलग पाच ओळी ‘शि’ने काळ्या झालेल्या दिसल्या, तर अडीच मिनिटं तुमच्याशिवाय कुणी बोललेलं नाही. ‘माझा पाठ चर्चात्मक होता’ असं टाचणात लिहिणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची समजूत हा कागद दुरुस्त करतो, आणि तीही मार्गदर्शकाने एक शब्द न बोलता.

मग तीच चित्रफीत एकदा आवाज बंद करून पाहा. आपण सतत एकाच बाजूला बघतो, फळ्याकडे तोंड करून बोलतो, हातातला खडू फिरवत राहतो, हे तेव्हा कळतं.

चित्रण करताना नेहमीच्या चुका तीन. कॅमेरा मागे ठेवला की मुलांच्या पाठी दिसतात आणि फक्त शिक्षक. पुढच्या कोपऱ्यात, खिडकीकडे पाठ करून ठेवा, म्हणजे दोघंही दिसतात आणि चेहरे काळे पडत नाहीत. आवाज लांबून येत नाही; दुसरा फोन नुसता ध्वनिमुद्रणाला लावून शिकवणाऱ्याने खिशात ठेवला तरी चालतं. आणि फाइल फुगते: दोन एमबीपीएसला (सेकंदाला दोन मेगाबिटला) दाबलेली दहा मिनिटांची फीत १५० एमबी होते, तेवढी अभ्यासाला पुरते. मुलं अल्पवयीन असतात, म्हणून पालकांची लेखी संमती, फीत कोण पाहणार आणि कधी पुसणार याची तारीख, हे आधी. उघड दुव्यावर कधीही चढवायची नाही.

‘आजची पोरं मोबाईलवरच वाढलीत, त्यांना कसली अडचण?’

मोबाईल वापरता येणं आणि त्यावरून शिकवता येणं यांत फार अंतर आहे. शिक्षण-तंत्रज्ञानाचे अभ्यासक पुन्या मिश्रा आणि मॅथ्यू केलर यांनी २००६ मध्ये हेच मांडलं: विषयाचं ज्ञान, शिकवण्याचं ज्ञान आणि तंत्राचं ज्ञान वेगवेगळं असून भागत नाही, तिन्हींचा मेळ लागतो. कोन शिकवताना सरकवता येणारी आकृती कधी दाखवायची आणि कधी मुलांच्या हाती कागद-कोनमापक द्यायचा, हा निर्णय ॲप घेत नाही.

‘कॅमेरे सक्तीने चालू ठेवा ना!’

ही सूचना दर बैठकीत येते. स्टॅनफर्डचे संशोधक जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ कॉलच्या थकव्याची चार कारणं मांडली: सतत जवळून रोखलेले डोळे, सतत दिसणारा स्वतःचा चेहरा, एका जागी जखडलेलं शरीर, आणि एरवी आपोआप कळणारे इशारे मुद्दाम करण्या-वाचण्याचे कष्ट. त्यात खर्चाचा हिशेब मिळवा. एक एमबीपीएसचा व्हिडिओ तासाला ४५० एमबी खातो. नुसता आवाज, ८० केबीपीएस (सेकंदाला ८० किलोबिट) धरला तर, ३६ एमबी. एकाच खोलीत घरातली चार माणसं असतील तर मागे काय दिसतंय याचीही लाज असते. सक्तीने चौकट भरते, लक्ष नाही. सराव पाठापुरती, सहा मिनिटं, ‘विद्यार्थी’ झालेल्या पाच-सहा जणांनी कॅमेरे लावावेत, बाकीच्यांनी बंद ठेवावेत. आणि स्वतःची चौकट लपवायची सोय असेल तर ती जरूर वापरावी.

‘सर्वेक्षणात तर विद्यार्थी समाधानी आहेत’

आधी बघा, सर्वेक्षण भरून कसं घेतलं. दुवा पाठवून घेतलं असेल, तर ज्यांची जोडणीच धड नाही ते त्यात नाहीत. आणि समाधान म्हणजे शिकणं नव्हे. हार्वर्डमधल्या भौतिकशास्त्राच्या वर्गांवर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांना स्वतः प्रश्नांशी झगडावं लागलं ते चाचणीत पुढे होते, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटत होतं. छान ओघवतं व्याख्यान ऐकलेल्यांचं नेमकं उलट. तेव्हा ‘मला सोपं गेलं’ ही तक्रार नसली तरी प्रशस्तीही नाही.

‘मग सगळं वर्गातच करा, कटकट नको’

नोकरी सांभाळून, लहान मूल सांभाळून, लांबच्या प्रवासातून शिकणाऱ्यांसाठी ही सोय चैनीची नाही. शिवाय समोरासमोरच्या प्रशिक्षणातही ध्वनिमुद्रित करता आलं असतं असं बरंच काही वर्गात बसून ऐकावं लागतं. वाटणी नीट केली तर दोन्ही टोकं सांभाळता येतात. सिद्धान्त, वाचन, चित्रित पाठांचं निरीक्षण सवडीच्या कामात. थेट तास चर्चेला आणि टाचण तपासायला. सराव पाठ प्रत्यक्ष वर्गात, जमेल तितके.

थेट तासातली गटचर्चा फसते ती एका साध्या कारणाने: विद्यार्थी कॉलमधल्या छोट्या खोल्यांत (प्रत्येक गटाच्या वेगळ्या कॉलमध्ये) पोचतात आणि ‘काय करायचं होतं?’ इथून सुरुवात होते. तोंडी सूचना त्या खोलीत सोबत जात नाही. म्हणून प्रश्न एका सामायिक दस्तऐवजावर लिहून ठेवा, प्रत्येक गटाला त्यातलं एक पान, चौघांचा गट, बारा मिनिटं. कुठल्या पानावर काही उमटत नाही ते प्राध्यापकाला बाहेरूनच दिसतं, आणि तेवढ्याच खोलीत डोकवावं लागतं.

पहिल्या खऱ्या पाठाआधी

ज्यांचा बराचसा सराव पडद्यावर झाला, त्यांनी शाळेत जाण्याच्या आदल्या दिवशी एक रिकामा वर्ग आणि एक मित्र मिळवावा. फळ्यावर उद्याचं शीर्षक आणि तीन ओळी लिहा. लिहिताना शरीर थोडं तिरपं ठेवा, म्हणजे वर्गाकडे पूर्ण पाठ होत नाही. मित्राला शेवटच्या बाकावर बसवून नेहमीच्या आवाजात चार वाक्यं बोला. तिसऱ्या वाक्यात मुद्दाम एक चुकीचा आकडा घाला आणि त्याला तो ऐकू आला का, ते विचारा. प्रश्न विचारून तीन सेकंद गप्प उभं राहण्याचा सराव करा, पडद्यावरच्या दहाची सवय लागली असेल तर तो थांबा आता सोपा वाटेल. मग खडू ठेवा आणि स्वतः शेवटच्या बाकावर जाऊन बसा. शेवटची ओळ तिथून वाचता येत नसेल, तर पुसा आणि अक्षर मोठं काढा.